पोयलू

आमच्या बोलीत ळ टिकत नाही.
डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया,
आणि तव्यावर बोट पोळलं
तर बाई म्हणते, पोयलं वं माय.
म्हणून उकंडा लढाईवरून परत आला
आणि म्हणू लागला, मले पोयलू म्हना,
तेव्हा सायखेड्यानं ऐकलं ते एवढंच
की गडी कुठंतरी भाजून आला.

उकंडा हे तरी काय नाव.
आधीची तीन गेली, म्हणून चौथ्याला
सुपात घालून उकंड्यावर ठेवलं घटकाभर,
मरणानं कचरा समजून पुढं जावं.
मरण गेलं पुढं. मागून पलटणीचा कारकून आला.
खेचरांच्या मागं चालायला माणूस हवा होता.

फ्रान्सला तो फरास म्हणायचा.
फरासात चिखल, आपल्या काया मातीसारखा,
बूट गिळून वर ढेकर देणारा,
फक्त त्यात कापूस येत नाही.
तिथले साधे शिपाई, हाताला नांगराचे घट्टे असलेले,
एकमेकांना पोयलू म्हणत,
साहेबाला कोणी म्हणत नसे.
त्यातल्या एकानं, गास्तो की असंच काही नाव,
डब्याच्या झाकणाचा आरसा करून
आधी स्वतःची दाढी केली, मग उकंड्याची.
वस्तरा तोच. वाटीतलं पाणीही तेच.
अशी मान धरली होती त्यानं, उकंडा सांगे,
आणि स्वतःची मान स्वतःच धरून दाखवी.

हे तो माझ्या आज्याला सांगत होता.
लिंबाखाली धोकटी उघडी होती,
आणि सांगून झाल्यावर तो समोर बसला.
टोपी काढली. गाल पुढं केला.
आज्यानं वस्तरा पुसला आणि मिटला.
बलुतं होतं आमचं गावभर,
शिवेकडच्या वाड्यातला एकही गाल त्यात नव्हता.
'तुयी मी नाई करत. तुले मालूम हाय.'

उकंडा टोपी झटकत उठला.
'मंग पोयलूच राह्यतो.'
दाढी बेंबीपर्यंत आली त्याची.
म्हातारपणी तिच्यात चिमण्यांचं काहीबाही अडके.

आजा हे हसून सांगायचा, आम्ही पोरं हसायचो.
पोळलेल्या माणसाला एवढे केस येतात कुठून,
हे न्हाव्याच्या घरात
एकालाही सुचलं नाही.

परवा स्टँडवरच्या माझ्या दुकानात
त्याचा पणतू आला, सुगत.
नागपूरला हॉटेलचं शिकतो, फ्रेंचचा पेपर असतो त्यांना.
कानाशी मशीन फिरवता फिरवता मी सहज विचारलं,
तुमच्या घरचं ते पोयलू, त्याचं पुढं काय झालं?
तो आरशातून म्हणाला, काका, ते प्वालू असेल.
म्हणजे केसाळ. केसाड्या.
पहिल्या महायुद्धात तिकडं साध्या शिपायाला म्हणत.
खंदकात दाढी कोण करतो.

मशीन बंद होतं. मी कधी केलं, कळलं नाही.
बाहेर दिग्रसची गाडी लागली, लागून गेली.
म्हणजे सांगून गेला होता तो आज्याला,
सरळ, आमच्याच धंद्यातल्या शब्दात,
आणि आम्ही तीन पिढ्या फुंकर घालत बसलो
नसलेल्या फोडावर.
किंवा असलेल्या. आता विचारू कोणाला.

'दाढी पण करू?' मी म्हणालो.
हनुवटीवर मोजून अकरा केस त्याच्या.
राहू द्या, वाढवतोय, म्हणाला.
ब्रश मी आधीच ओला केला होता.
मान तेवढी धरली, मागचे केस झटकायला,
जरा जास्तच वेळ धरली असावी,
कारण त्यानं आरशात वर पाहिलं.
मग फोन काढला, भिंतीवरच्या चौकोनाला दाखवला.
कटिंगचे ऐंशी टाकलेत, म्हणाला.
दाढीचे धरू नका.